चार चाकं, एकच माप

भिशीला बोलणं कुठून निघेल आणि कुठे जाईल याचा नेम नसतो. परवा आमच्याकडे भिशी होती. साबुदाणा वड्यात दाण्याचं कूट किती घालावं यावरून सुरुवात झाली आणि कसं कोण जाणे, गाडी गाडीवर आली. आमच्यातली एक जण वैतागून म्हणाली, "आमच्या ह्यांनी टायर बदलायचं काढलंय बाई! गाडी घेऊन वर्ष झालं नाही, टायरची नक्षीसुद्धा झिजली नाही, तरी म्हणे मोठे घालायचे. गाडी रुबाबदार दिसते म्हणे." त्यावर दुसरी हसून म्हणाली, "घालू दे की! तेवढीच हौस. आपण नाही का साडीवर मॅचिंग ब्लाउज शिवत?"

मी आत चहा गाळत होते. गाळणं तसंच ठेवून बाहेर आले आणि म्हटलं, "ब्लाउज मापाला चुकला तर उसवता येतो गं. टायरचं तसं नाही." आणि मग वडे गार होईपर्यंत मीच बोलत राहिले. त्या दिवशी सगळ्यांनी सांगितलं की हे लिहून काढ, म्हणून लिहिते आहे.

तुम्ही म्हणाल, टायर हा काय आपला विषय? पुरुषांनी बघावं ते. मीही वर्षभरापूर्वीपर्यंत असंच म्हणत होते. गाडी चालवते मीही, पण पेट्रोल भरायचं आणि चालवायचं, एवढाच माझा संबंध. टायर म्हणजे काळा आणि गोल, एवढी माझी विद्या! पण गाडीचा हप्ता घरातून जातो, गाडीत मागे आपलीच मुलं बसतात आणि घाटात गाडी अडली की रस्त्याकडेला सासूबाईंच्या डोक्यावर छत्री धरून आपणच उभ्या राहतो. मग विषय आपला नाही कसा?

आमची गाडी म्हणजे जिम्नी. मारुतीने २०२३ च्या जूनमध्ये ही पाच दरवाजांची गाडी आपल्याकडे बाजारात आणली. दिसायला छोटी जीप, पण चारही चाकांना ओढ देणारी. ह्यांची जुनी हौस हो! १९८५ साली मारुतीने जिप्सी आणली, तेव्हा हे शाळेत होते. वनखात्याची हिरवी जिप्सी गावात आली की हे दप्तर टाकून तिच्यामागे पळायचे, असं सासूबाई सांगतात. जिप्सी काही घेणं झालं नाही. मग तिची ही धाकटी बहीण निघाली आणि घरात आली. आणि नुसती हौस तरी कसं म्हणू? आम्ही राहतो कराडला, पण शेत आहे पाटणच्या पुढे, कोयनेच्या खोऱ्यात. पावसाळ्यात शेवटचा दीड किलोमीटर म्हणजे नुसती राबडी. आधीची गाडी आम्ही डांबरी रस्त्यावरच उभी करून चपला हातात घेऊन चालत जायचो.

तर जिम्नी आली, पहिला पावसाळा छान गेला आणि ह्यांच्या डोक्यात मोठ्या टायरचं खूळ शिरलं. आता खरं सांगायचं तर ते अगदीच खूळ नव्हतं, हे मला मागाहून कळलं. या गाडीला पुढे आणि मागे जुन्या जीपसारखे अखंड लोखंडी आस असतात आणि त्या आसाला लोखंडाचा एक गोळा असतो. शेतातल्या रस्त्यावरचा धोंडा लागतो तो त्या गोळ्याला. स्प्रिंगा उंच बसवल्या तर गाडीचं अंग वर जातं, पण आस आणि गोळा आहे तिथेच राहतात. तो वर उचलायचा तर टायर मोठा घालण्यावाचून दुसरा उपाय नाही. म्हणजे हौसेमागे कारण होतं. चुकलं ते पुढे.

ह्यांनी पसंत केलेल्या मापाचे चार टायर काही दुकानात नव्हते. दोनच होते. दुकानदार म्हणाला, "साहेब, दोन मागे टाकून देतो. पुढचे पंधरा दिवसात येतील. काही फरक पडत नाही." ह्यांनी टाकून घेतले. गाडी मागून चांगली रुंद, दांडगी दिसायला लागली. सोसायटीतल्या चार जणांनी येऊन बघितलंसुद्धा. पुढचे टायर पंधरा दिवसांत काही आले नाहीत. दुसऱ्याच दिवसापासून समोरच्या काचेखाली एक पिवळा दिवा मात्र मधूनमधून लागायला लागला. मी विचारलं, तर हे म्हणाले, "सेन्सरला पाणी लागलं असेल." स्वयंपाकघरात कुकरची शिट्टी वाजली नाही तर आपण लगेच झाकण तपासतो. गाडीत दिवा लागला तर माणसं स्वतःची समजूत घालतात!

त्यातच श्रावण आला. चिपळूणला मावससासूबाईंच्या सुनेची पहिली मंगळागौर. मी, हे, दोन्ही मुलं आणि सासूबाई असे निघालो. पाटण गेलं, कोयनानगर गेलं. पाऊस असा की वायपर थकले. हेळवाकच्या आसपास डोंगरातून माती वाहून रस्त्यावर आली होती. समोरची एक गाडी रुतली होती. ह्यांनी ऐटीत छोटा दांडा 'फोर एच'वर टाकला आणि आमची जिम्नी त्या चिखलातून लोण्यातून सुरी जावी तशी निघाली. मुलांनी टाळ्या वाजवल्या. हे म्हणाले, "आता असू दे फोरमध्येच, घाट आहे, पाऊस आहे."

कुंभार्ली घाट निम्मा उतरलो आणि ऊन पडलं. श्रावणच तो! तासाभरापूर्वी पाऊस पडला होता की नाही अशी शंका यावी इतका रस्ता बघता बघता कोरडा झाला. आणि गाडीने त्रास द्यायला सुरुवात केली. वळण आलं की स्टिअरिंग जड व्हायचं, खालून कण्हल्यासारखा आवाज यायचा, चाक मध्येच उडी मारल्यासारखं करायचं. ह्यांनी दांडा मागे ओढून साध्या दोन चाकांवर यायचा प्रयत्न केला, तर तो हलेना. एका बाजूला दरी, मागे एसटी हॉर्न वाजवते आहे आणि गाडी प्रत्येक वळणावर नको तिकडे सरळ जायला बघते आहे. मागून सासूबाईंची रामरक्षा सुरू झाली. त्यांचा आवाज एरवी बारीक असतो, त्या दिवशी खालच्या खोऱ्यात ऐकू गेला असेल. मी मुलांचे पट्टे दोनदा चाचपून बघितले. ह्यांच्या कपाळावरचा घाम मला अजून आठवतो. लग्नाला सोळा वर्षं झाली, पण ह्यांना घाबरलेलं मी तेव्हा पहिल्यांदा बघितलं.

घाट कसाबसा उतरलो आणि दिसलं त्या पहिल्या गॅरेजसमोर थांबलो. म्हातारे मिस्त्री बाहेर बाकावर बसले होते. हे बॉनेट उघडायला गेले, पण मिस्त्रींनी बॉनेटकडे बघितलंसुद्धा नाही. गाडीला एक चक्कर मारली, पुढच्या चाकाशी वाकले, मागच्या चाकाशी वाकले आणि मला म्हणाले, "वहिनी, पोरास्नी खाली उतरवा." मग ह्यांना म्हणाले, "साहेब, स्टिअरिंग सरळ धरा आणि रिव्हर्सला दहा-पंधरा फूट मागं या." हे मागे आले. खालून खट्ट आवाज झाला आणि इतका वेळ अडून बसलेला दांडा लोण्यासारखा मागे आला!

"मशीनला काही झालेलं नाही," मिस्त्री म्हणाले. "पुढची चाकं एका मापाची, मागची दुसऱ्या. दोघांना एका दोरीत बांधल्यावर ओढाताण होणारच की!"

पुढे तासभर चहा पीत त्यांनी मला ते समजावून दिलं. मी माझ्या भाषेत सांगते.

शाळेत आपण तीन पायांची शर्यत पळत होतो, आठवते? दोघींचा एकेक पाय बांधलेला. उंचीने सारख्या असल्या तर पळता येतं. एक उंच आणि एक बुटकी असली तर दहा पावलांत दोघी तोंडावर! चारचाकी ओढ लावली की नेमकं तेच होतं. या गाडीत 'फोर एच' टाकलं की पुढचा आस आणि मागचा आस यांना एका गतीने फिरवणारी बांधणी होते. पुढे जितके फेरे, मागेही तितकेच. काही मोठ्या गाड्यांत मधोमध एक यंत्र असतं, ते दोघांच्या गतीतला फरक सांभाळून घेतं. जिम्नीत ते नाही, जिप्सीतही नव्हतं. म्हणून तर ती इतकी साधी आणि मजबूत. पण म्हणूनच चारही टायर एका मापाचे हवेत, हा तिचा हट्ट.

आता आमच्या गाडीचा हिशेब बघा. कंपनीचा टायर एका फेऱ्यात साधारण २ मीटर १८ सेंटिमीटर जातो. आम्ही मागे घातलेला मोठा टायर एका फेऱ्यात २ मीटर ३० सेंटिमीटर जातो. फरक १२-१३ सेंटिमीटरचा, आपल्या वितीपेक्षाही कमी. पण मागची चाकं एक किलोमीटर जाईपर्यंत तेवढ्याच फेऱ्यांत पुढची चाकं जातील ९४५ मीटर. म्हणजे किलोमीटरमागे ५५ मीटरची तफावत! चिखलात, रेतीत ती खपून जाते, कारण टायर थोडा घसरतो आणि हिशेब मिटतो. कोरड्या डांबरावर टायर घसरत नाही. मग तो ताण कुठे जाणार? दातेरी चक्रांत, आसांत आणि स्टिअरिंगमध्ये. कपडे पिळताना पीळ भरत जावा तसा तो भरत जातो. गाडी सरळ मागे घेतली तेव्हा पीळ सुटला आणि दांडा निघाला.

मिस्त्रींनी एक गोष्ट बजावून सांगितली. टायर सारखे असले तरी कोरड्या चांगल्या रस्त्यावर 'फोर'मध्ये चालवायचं नाहीच, कारण वळणावर पुढची आणि मागची चाकं मुळातच वेगवेगळं अंतर कापतात. चिखल संपला की दांडा मागे. आमच्या बाबतीत दोन चुका एकावर एक चढल्या होत्या. आणि तो पिवळा दिवा? आताच्या गाड्यांत प्रत्येक चाक किती वेगाने फिरतं हे मोजून ब्रेक सांभाळणारी यंत्रणा असते. मागची चाकं पुढच्यांपेक्षा सावकाश फिरताना बघून ती बिचारी गोंधळली होती आणि आपल्या परीने सांगत होती.

टायरवरचे आकडे

चिपळूणहून परत आल्यावर मी वही-पेन्सिल घेऊन गाडीशी बसले. पत्रिकेपेक्षा हे सोपं आहे, खरंच. आमच्या कंपनीच्या टायरवर लिहिलंय १९५/८० आर १५. पहिला आकडा टायरची रुंदी, मिलिमीटरमध्ये. दुसरा आकडा टक्का. म्हणजे टायरची कड, रिमपासून जमिनीपर्यंतची, रुंदीच्या किती टक्के उंच आहे ते. १९५ चे ८० टक्के म्हणजे १५६ मिलिमीटर. 'आर' म्हणजे रेडियल, बांधणीचा प्रकार. शेवटचा १५ म्हणजे आतल्या रिमचा व्यास आणि गंमत म्हणजे तो मात्र इंचात! एका ओळीत मिलिमीटर, टक्के आणि इंच. वाणसामानाची यादी अशी लिहिली तर दुकानदार परत पाठवेल.

पूर्ण चाकाची उंची काढायची तर कड दोनदा धरायची, वरची आणि खालची, आणि त्यात रिम मिळवायची. १५ इंच म्हणजे ३८१ मिलिमीटर. १५६ अधिक १५६ अधिक ३८१, झाले ६९३. आमचे ते थोरले टायर होते २३५/७५ आर १५. तुम्हीच करून बघा: कड १७६ आणि वर पाव, एकूण उंची साडेसातशेच्या जरा आत, ७३३ मिलिमीटर. कंपनीच्या टायरपेक्षा जवळजवळ ६ टक्के जास्त.

हे गणित नको असेल तर घरगुती उपाय सांगते. सपाट जागी टायरला खाली जिथे जमीन लागते तिथे खडूची खूण करा आणि तिथेच जमिनीवर रांगोळीची एक टिकली काढा. गाडी हळू पुढे ढकलायला सांगा. खडूची खूण पुन्हा खाली आली की तिथे दुसरी टिकली. दोन टिकल्यांमधलं अंतर टेपने मोजा. हेच पुढच्या आणि मागच्या चाकाला करा. गाडीच्या वजनाने टायर थोडा दबतो, म्हणून हे अंतर गणितापेक्षा जरा कमी येतं, पण चारही चाकांचं जवळपास सारखं आलं पाहिजे. मी हे सोसायटीच्या अंगणात केलं तेव्हा वॉचमनला वाटलं, गाडीची पूजा चालली आहे.

आकड्यांनंतर आणखी दोन खुणा असतात, आमच्या टायरवर ९६ एस. ९६ हा वजनाचा सांकेतिक आकडा, म्हणजे एका टायरने ७१० किलोपर्यंत भार सोसावा. 'एस' म्हणजे ताशी १८० किलोमीटरपर्यंतची वेगमर्यादा. नवीन टायर घेताना वजनाचा हा आकडा कंपनीच्या आकड्याहून कमी घ्यायचा नाही, मग दुकानदार कितीही स्वस्त देवो. आणि टायर कधीचा आहे तेही बघा. कडेवर एका लंबगोलात चार आकडे असतात. ३२२३ असेल तर २०२३ सालातला ३२ वा आठवडा. आपण दुधाच्या पिशवीवरची तारीख बघतो, पण हजारोंचा टायर मात्र न बघता घेतो!

सगळेच मोठे घातले तर?

भिशीत हाच प्रश्न आला. "म्हणजे चारही मोठे घातले असते तर चाललं असतं ना?" घाटातली ओढाताण झाली नसती हे खरं. पण बाकीचे खर्च ऐका.

पहिली गोष्ट, चार नव्हेत, पाच. जिम्नीची स्टेपनी मागच्या दाराला टांगलेली असते. ती जुन्या मापाची ठेवली आणि पंक्चर झालं की पुन्हा तोच घोळ. मोठा, जड टायर त्या दाराला टांगला की बिजागऱ्यांवर भार आलाच.

दुसरं, रिम. जिम्नीच्या कंपनीच्या रिमची रुंदी साडेपाच इंच. २३५ च्या टायरला निदान सहा इंच लागते. अरुंद रिमवर रुंद टायर चढवला की तो मध्ये फुगतो, वळणावर डुलतो आणि मधल्या पट्ट्यातच झिजतो. म्हणजे रिमही पाच बदलायच्या. तिसरं, स्टिअरिंग पूर्ण फिरवलं की टायर आत घासतो. दुकानात गाडी उभी असताना घासणार नाही, पण एक चाक खड्ड्यात आणि एक वर अशा अवस्थेत फिरवा म्हणजे कळेल.

मग मीटरचा प्रश्न. ६ टक्के मोठ्या टायरवर काटा ६० दाखवतो तेव्हा गाडी साडेत्रेसष्टच्या हिशेबाने जास्त धावत असते. मीटर मुळात थोडा जास्तच दाखवतात, त्यामुळे फरक थोडा भरून निघतो, पण विसंबून राहू नये. किलोमीटरही कमी मोजले जातात. आमच्या ह्यांची तक्रार होती की ॲव्हरेज पडलं. मी वही काढली. ३० लिटरमध्ये मीटरवर ४२० किलोमीटर, म्हणजे लिटरला १४. पण सगळेच टायर मोठे असते तर गाडी खरी धावली असती ४४४ किलोमीटर, म्हणजे १४.८! म्हणजे मोठे टायर घालणारे जे रडतात, त्यातला थोडा भाग नुसत्या मोजण्याचा. उरलेला मात्र खरा. जड चाक फिरवायला जास्त जोर लागतो, चढावर एक गिअर खाली यावं लागतं, गाडी उचलताना क्लच जास्त दाबून धरावा लागतो. क्लचप्लेट लवकर गेली की तो खर्च टायरच्या नावावर कुणी मांडत नाही. थांबायलाही जड चाकाला जास्त ब्रेक लागतो, हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं.

आणि एवढं करून मिळतं काय? तो लोखंडी गोळा वर जातो २ सेंटिमीटर. चाक ४ सेंटिमीटरने मोठं झालं तरी वर उचलतं निम्म्यानेच, कारण अर्धी वाढ आसाच्या वर जाते. कंपनीची उंची मुळात २१ सेंटिमीटर आहे. जे दर आठवड्याला दगडधोंड्यात जातात त्यांना त्या २ सेंटिमीटरचं मोल असेल. वर्षातून आठ वेळा शेतावर जाणाऱ्या आम्हाला नव्हतं.

कायद्याचंही सांगते. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचं ५२ वं कलम गाडीतल्या फेरफारांबद्दल आहे. नोंदणीच्या वेळी कंपनीने दिलेल्या मूळ तपशिलाशी जुळणार नाही असा बदल करता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये स्पष्ट केलं. अपघात झाला तर विमा कंपनी बोट ठेवायला जागा शोधतेच, ती आपणच कशाला द्यायची? वॉरंटीच्या पुस्तकातही बदलांविषयी काय लिहिलंय ते आधी वाचावं. ड्रायव्हरच्या दाराजवळ एक छोटा कागद चिकटवलेला असतो. टायरचं माप आणि हवा किती, हे त्यावर छापलेलं असतं. घरातला वाद मिटवायला त्याच्याइतका दुसरा साक्षीदार नाही.

मग आम्ही काय केलं? दिवाळीच्या आधी दोघं बसून हिशेब केला. ह्यांचा चेहरा उतरला होता, मलाही वाईट वाटलं. शेवटी सर्व्हिस सेंटरला विचारलं, विमा कंपनीला लेखी कळवलं आणि २१५/७५ आर १५ या मापाचे टायर घेतले. पाच. चाकाची उंची ७०३ मिलिमीटर, म्हणजे कंपनीपेक्षा दीड टक्काच जास्त. कंपनीच्या साडेपाच इंची रिमवर बसतात, घासत नाहीत, मीटर फारसा बिघडत नाही. गोळा वर गेला अर्धा सेंटिमीटर, म्हणजे जवळजवळ नाहीच. पण फरक पडला तो नक्षीने. टायरचे ढोबळ मानाने तीन प्रकार: डांबरी रस्त्याचे, दोन्हीकडे चालणारे आणि निव्वळ चिखलाचे. आम्ही मधले घेतले. शेतातल्या राबडीत खरा उपयोग होतो तो नक्षीच्या खोल खोबणींचा. निव्वळ चिखलाचे टायर घेऊ नका हो, डांबरावर चक्कीसारखे गुरगुरतात आणि ओल्या रस्त्यावर त्यांची पकडही कमीच.

जुन्या टायरच्या जोडीला नवे घालणाऱ्यांनीही जपावं. माप तेच असलं तरी नव्या टायरची नक्षी आणि झिजलेल्या टायरची नक्षी यात सहज ६ मिलिमीटरचा फरक असतो, म्हणजे चाकाच्या उंचीत १२ मिलिमीटर. चारचाकी ओढीच्या गाडीला तेवढाही जाणवतो. म्हणून दर आठ-दहा हजार किलोमीटरला स्टेपनीसकट पाचही टायरांची जागा फिरवून घ्यायची, की सगळे बरोबरीने झिजतात. घरातल्या स्टीलच्या ताटल्या आपण रोज वरच्याच चार काढतो आणि खालच्या नव्याच्या नव्या राहतात, तसं स्टेपनीचं होऊ द्यायचं नाही. नक्षी किती झिजू द्यायची? नियमाने १.६ मिलिमीटरच्या खाली नाही. खोबणीत रबराच्या छोट्या आडव्या पट्ट्या असतात, नक्षी झिजत त्यांच्या बरोबरीला आली की टायर संपला. पण आमच्या कोयनेच्या पावसात मी ३ मिलिमीटरवरच बदलायला लावते. पाणी बाहेर फेकायला खोबण हवी ना!

हवा सकाळी, गाडी गार असताना बघायची. टायरच्या कडेवर छापलेला आकडा म्हणजे जास्तीत जास्त सोसेल तो, रोज भरायचा नव्हे. पंपावरची मुलं पुष्कळदा तोच वाचून भरतात. मी एक छोटा गेज आणून ठेवला आहे, मिसळणाच्या डब्याएवढाही नाही. चिखलात जायच्या आधी हे थोडी हवा काढतात, त्याने पकड येते. पण डांबरावर आलं की आधी हवा भरायची, मग चहा. हा नियम आमच्याकडे आता मुलांनाही पाठ आहे.

ते दोन थोरले टायर? एक ह्यांच्या मित्राने निम्म्या किमतीत नेला, त्याच्या जीपची स्टेपनी म्हणून, त्याच मापाची. दुसरा शेतावरच्या आंब्याला दोर लावून बांधला आहे. सासूबाई आधी नको नको म्हणत होत्या. मागच्या रविवारी दुपारी मी विहिरीकडून आले, तर त्या त्याच्यात बसून झोका घेत होत्या आणि धाकटा मागून ढकलत होता.